प्रतिजैविकांचा लांब कोर्स आणि वाढलेली बुरशी : काय पाहावे, काय करावे

परळला केईएम, वाडिया आणि टाटा या रुग्णालयांच्या परिसरात आमचे औषधांचे दुकान आहे. तेथे येणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच चिठ्ठ्या आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या प्रतिजैविकांच्या असतात. हाडातील संसर्गासाठी साधारण सहा आठवडे, मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन दोनतीन महिने, क्षयरोगासाठी किमान सहा महिने. असा कोर्स अर्ध्यावर आला की काही जण पुन्हा दुकानात येतात, इतर गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला थांबतात आणि हळू आवाजात म्हणतात, "गोळ्यांची उष्णता झालीय, काहीतरी थंड द्या."

या 'उष्णते'च्या नावाखाली आपल्याकडे जिभेची आग, अंगावरून पांढरे जाणे, जांघेतली खाज असे सगळेच खपून जाते, आणि मग सब्जा, गुलकंद आणि "चार दिवस गोळ्या बंद ठेवू" असा घरगुती निर्णय होतो. पुष्कळदा प्रत्यक्षात वाढलेली असते ती कॅन्डिडा नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. ती निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात आणि त्वचेवर एरवीही थोडीफार असतेच. तिला आवरून धरण्याचे काम शेजारचे उपयुक्त जिवाणू करत असतात. योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस जिवाणू तर लॅक्टिक आम्ल तयार करून तेथील वातावरण आम्लधर्मी ठेवतात. प्रतिजैविक रोगाच्या जिवाणूंबरोबर या शेजाऱ्यांनाही मारते, बुरशीला मात्र त्याचा धक्का लागत नाही, आणि मोकळी झालेली जागा ती व्यापते. गुलकंदाने यात काही साधत नाही. उलट त्यात निम्म्याहून अधिक साखरच असल्याने मधुमेही माणसाचे नुकसान होते.

तोंड तपासायचे असेल तर सकाळी, दात घासण्यापूर्वी, खिडकीच्या उजेडात किंवा मोबाइलच्या टॉर्चने पाहावे. जीभ, गालांची आतली बाजू आणि टाळू या तिन्ही जागा पाहाव्यात, कारण नुसत्या जिभेवरचा पांढुरका थर पुष्कळांना रोजच असतो. ओल्या स्वच्छ सुती कापडाने तो थर अगदी हलकेच पुसून पाहावा. साधा थर सहज निघतो आणि खाली गुलाबी जीभ दिसते; बुरशीचा थर फाटलेल्या दुधाच्या कणांसारखा दिसतो, थोडा जोर लावल्यावर निघतो आणि त्याखालची जागा लाल, हुळहुळी असते, कधी तेथे रक्ताचा ठिपकाही दिसतो. तो खरवडून काढण्याचा प्रयत्न करू नये. काही प्रतिजैविकांनी जीभ काळी आणि केसाळ दिसू लागते. ते घाबरवणारे असले तरी सहसा निरुपद्रवी असते आणि ती कॅन्डिडाची खूण नव्हे. कवळी वापरणाऱ्यांमध्ये पुष्कळदा पांढरे काही दिसतच नाही, कवळीखालचा टाळू फक्त लाल होतो आणि ओठांचे कोपरे चिरतात.

लालबागहून येणाऱ्या एका काकूंचे असेच झाले होते. पायाच्या हाडाच्या संसर्गासाठी त्यांचा कोर्स चालू होता आणि तिखटाचा कणही सहन होत नव्हता. वरणभातावर दिवस काढत त्या रुमाल तोंडाशी धरूनच बोलत. डॉक्टरांनी तोंडाला लावायला क्लोट्रिमॅझोलचे थेंब दिले, तेव्हा चार दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी मी त्यांना एवढेच विचारले की रात्री कवळी कुठे ठेवता. "तोंडातच," त्या म्हणाल्या, "घरात नातवंडं असतात, काढली की हसतात." बुरशी कवळीच्या प्लास्टिकला चिकटून राहते, त्यामुळे तोंडाला औषध लावले तरी रोज रात्री तिची नवी पेरणी होत असते. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून, दंतवैद्यांनी सांगितलेल्या द्रावणात बुडवून ठेवणे हा औषधोपचाराचाच भाग समजावा. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनीही प्रत्येक वेळी पंपानंतर पाण्याने खळखळून चूळ भरून ती थुंकून टाकावी.

स्त्रियांच्या बाबतीत खाज, आग, लघवी करताना बाहेरच्या भागाला झोंबणे आणि घट्ट दह्यासारखा, फारसा वास नसलेला स्राव अशी लक्षणे असतात. स्राव पातळ, करडा आणि माशांसारख्या वासाचा असेल, किंवा हिरवट आणि फेसाळ असेल, तर कारण वेगळे असण्याची शक्यता अधिक असते आणि औषधही वेगळे लागते. म्हणून पहिल्यांदाच हा त्रास होत असेल तर तपासणीशिवाय औषध घेऊ नये. पुरुषांमध्ये शिश्नाच्या टोकाला लाली आणि खाज येते, विशेषतः मधुमेह असेल तर, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर अधिकच.

त्वचेवर ही बुरशी घड्यांमध्ये होते : जांघेत, स्तनांखाली, सुटलेल्या पोटाच्या वळीत. जागा लालभडक आणि ओलसर असते आणि कडेला छोट्या पुटकुळ्या विखुरलेल्या असतात. गजकर्णात गोल चकती होऊन कडा उठून दिसते आणि मधली त्वचा निवळते. तो वेगळ्या बुरशीचा आजार आहे. कोणत्याही बाबतीत घरात पडलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब लावू नये. अशा ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते, त्यामुळे दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र पसरतच राहते, आणि जांघेची कातडी पातळ होऊन तिच्यावर पांढरे-लाल चरे उमटतात. ही ट्यूब चिठ्ठीशिवाय मागणाऱ्यांशी माझे जितके वाद होतात तितके दुसऱ्या कशावरून होत नसावेत.

लक्षणे दिसली की पहिले काम म्हणजे ज्या डॉक्टरांनी प्रतिजैविक सुरू केले त्यांनाच कळवणे, आणि दुसरे म्हणजे ते सांगत नाहीत तोवर प्रतिजैविक बंद न करणे. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात, आणि तो धोका बुरशीच्या त्रासापेक्षा किती तरी मोठा आहे. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, नुसती चिठ्ठी नको, कारण रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांची आणि मधुमेहाची दुसऱ्यांची असते. शंका असेल तर जागेवरचा थोडा थर किंवा स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. ही तपासणी साधी आहे. रक्तातील साखर या निमित्ताने अवश्य तपासून घ्यावी. वारंवार होणाऱ्या बुरशीमागून आजवर न कळलेला मधुमेह निघाल्याची उदाहरणे आमच्या दुकानाच्या वहीत कमी नाहीत.

औषधे बहुधा सोपी असतात : तोंडासाठी क्लोट्रिमॅझोलचे थेंब किंवा निस्टॅटिन, योनिमार्गासाठी रात्री आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या, त्वचेसाठी क्लोट्रिमॅझोलचे मलम, आणि गरज पडल्यास पोटात घ्यायचे फ्लुकोनॅझोल. तोंडाचे औषध जेवणानंतर घ्यावे, निस्टॅटिन शक्य तितका वेळ तोंडात घोळवावे आणि नंतर अर्धा तास काही खाऊपिऊ नये. नाही तर ते चहाबरोबर पोटात जाते आणि तोंड तसेच राहते. योनिमार्गातील क्लोट्रिमॅझोलमुळे कंडोमचे रबर कमकुवत होऊ शकते, हे सहसा कोणी सांगत नाही.

फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी निरुपद्रवी वाटते, पण लांब कोर्समधल्या रुग्णाने ती मनाने घेऊ नये. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे यकृत ती लवकर मोडून टाकते आणि तिचा परिणाम कमी होतो. इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तर तो जवळजवळ उरतच नाही. बेडाक्विलिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन यांपैकी एखादे प्रतिजैविक चालू असेल तर ते आणि फ्लुकोनॅझोल मिळून हृदयाची लय बिघडवू शकतात. मधुमेहावरील ग्लिमेपिराइडबरोबर साखर एकदम खाली येऊ शकते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. वॉर्फरिनच्या बाबतीत तर तोंडात लावायचे बुरशीवरचे मायकोनॅझोल जेलसुद्धा धोक्याचे ठरते. गरोदर स्त्रीने फ्लुकोनॅझोलची गोळी टाळावी. तिच्यासाठी योनिमार्गात ठेवायचे क्लोट्रिमॅझोल डॉक्टर देतात. निस्टॅटिन मात्र आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही, त्यामुळे या भानगडी उद्भवत नाहीत. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी १९५० साली जाहीर केलेले हे औषध मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. पेनिसिलिन बुरशीपासून मिळाले आणि बुरशीवरचे औषध जिवाणूपासून, ही फिट्टंफाट मला नेहमी गंमतशीर वाटते.

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात निम्मी लढाई ओलाव्याशी असते. खोलीतल्या दोरीवर वाळत घातलेले अंतर्वस्त्र दोन दिवसांनीही दमटच असते आणि सकाळच्या घाईत ते तसेच अंगावर चढते. शिवणीवर इस्त्री फिरवून ते पूर्ण कोरडे करावे आणि कपडे सुतीच वापरावेत. लोकलमध्ये घामाने किंवा पावसाने भिजल्यास कामावर पोहोचल्यावर बदलण्यासाठी एक जोड पिशवीत ठेवावा. आंघोळीनंतर घड्या चोळू नयेत, टिपून कोरड्या कराव्यात आणि पंख्याखाली दोन मिनिटे थांबून मग कपडे घालावेत. योनिमार्ग आतून धुणे, डेटॉल, सुगंधी वॉश, व्हिनेगर, लसणाची पाकळी यांपैकी काहीही करू नये. लहान बाळाच्या तोंडात टाकणखार मधातून लावण्याची जुनी पद्धत तर कटाक्षाने टाळावी. टाकणखार विषारी आहे आणि एक वर्षाखालील बाळाला मधही देऊ नये.

दही खावे का, हा प्रश्न हमखास येतो. खावे, पण त्याने झालेली बुरशी बरी होत नाही, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांनी गोळी आणि दही-दूध यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते. प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त सूक्ष्मजंतू असलेली कॅप्सूलही विचारूनच घ्यावी. काही कॅप्सूलमध्ये असणारी सॅकरोमायसीस बुलार्डी ही स्वतःच एक यीस्ट आहे आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाला ती चालत नाही. पोळी, भात, फळे सारे सोडायला लावणाऱ्या 'कॅन्डिडा डाएट'ला पुरेसा आधार नाही, आणि क्षयाच्या रुग्णाला तर पोटभर जेवणाचीच गरज असते.

काही वेळा वाट पाहू नये. गिळताना छातीत दुखू लागले तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांमध्ये मात्र गोळी अन्ननलिकेला चिकटूनही असेच दुखते, म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. दिवसातून अनेक वेळा पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा किंवा ताप ही बहुधा बुरशी नसते, तो प्रतिजैविकानंतर होणारा आतड्याचा दुसरा गंभीर संसर्ग असू शकतो; जुलाब थांबवणारी गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. शिरेत नळी असताना थंडी वाजून ताप आला, तर थेट रुग्णालयात जावे. आणि कोर्स संपल्यावर, साखर ताब्यात असूनही वर्षातून तीनचार वेळा हाच त्रास परतत असेल, तर प्रत्येक वेळी नवी ट्यूब न घेता स्रावाचे कल्चर करून, म्हणजे त्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून, नेमकी कोणती बुरशी आहे ते पाहावे लागते, कारण कॅन्डिडाच्या काही जाती फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत.