नाताळच्या सुट्टीत लांब जायचंय? नावाआधी डिसेंबर बघा

बऱ्याच घरांत हे उलटं होतं. आधी कोणीतरी ठिकाणाचं नाव काढतं, बाली करूया, काश्मीर करूया, मग मुलं त्या नावाला धरून बसतात, विमानाची तिकिटं बघणं सुरू होतं आणि तिकिटं काढून झाल्यावर कळतं की बालीत डिसेंबर म्हणजे पावसाळा. म्हणून माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे, ठिकाणाचं नाव शेवटी. आधी आपल्याकडे रात्री किती, बरोबर कोण कोण, आणि तिकडे डिसेंबरमध्ये नक्की काय चालू असतं, एवढं कागदावर लिहा, अर्धी यादी तिथेच गळून जाते.

रात्रींचा हिशोब आधी करा. आपल्याकडे राज्य बोर्डाच्या बऱ्याच शाळांना दिवाळीची सुट्टी मोठी आणि नाताळची जेमतेम आठवडाभर, आयसीएसई किंवा आयबीवाल्यांना साधारण दोन आठवडे, आणि एकाच घरात दोन वेगळ्या शाळांची भावंडं असली तर छोटी सुट्टी तीच खरी. त्यातून जायचा आणि यायचा दिवस वजा करा. 'विमान तीन तासांचं आहे' यावर जाऊ नका, डोंबिवलीच्या घराचं कुलूप लावल्यापासून तिकडच्या हॉटेलच्या खोलीत बॅग टेकवेपर्यंत किती तास जातात ते मोजा. गुवाहाटीला थेट विमान साधारण तीन तासांत पोचतं पण पुढे शिलाँगला रस्त्याने आणखी तीनेक तास, म्हणजे पहिला दिवस संपलाच. माझा साधा नियम असा की पाच रात्रींच्या आत असेल तर एका दमात पोचता येईल तिथेच जा, आणि आठ-दहा रात्री असतील तरच दोन विमानं बदलायचा विचार करा.

आता बरोबर कोण. घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस किती चालू शकतं, त्यावर ठिकाण ठरवायचं. आजीचे गुडघे दुखत असतील तर मेघालयातल्या नोंग्रियाटचा दुमजली जिवंत मुळांचा पूल कितीही सुंदर असला तरी तिथे तीन हजारांच्या वर पायऱ्या आहेत, उतरायच्या आणि परत चढायच्या, त्या दिवशी आजी गाडीत बसून राहणार का? लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि डिसेंबरात रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, लहान मुलं आणि ब्लडप्रेशरची माणसं घेऊन मी तरी तिकडे जा म्हणणार नाही. आणि आजी-आजोबांना विचारायचं राहून जातं हो, 'तुम्ही म्हणाल तिथे' असं ते म्हणतात पण एकदा शांतपणे बसून विचारा, त्यांनाही कुठेतरी जायचं असतंच.

हवामान हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे वेळ घालवा. एका देशाचा डिसेंबर एकच नसतो हे आपल्या डोक्यात येत नाही. थायलंड घ्या, फुकेत आणि क्राबीच्या बाजूला डिसेंबरात मस्त कोरडी हवा, पण कोह सामुई पलीकडच्या आखातात आहे, तिथे वर्षअखेरीलाच पाऊस असतो. श्रीलंकेत गॉल, मिरिसा, बेंटोटा हा नैऋत्य किनारा चांगला, त्रिंकोमालीच्या बाजूला त्याच दिवसांत ईशान्य मोसमी पाऊस. व्हिएतनाम तर उभा लांबच लांब देश, हनोईत स्वेटर लागतो, मधल्या दानांग-होई आनमध्ये पावसाची शक्यता अजून असते, आणि खाली सायगाव, फू क्वोकला छान ऊन, त्यामुळे सात दिवसांत तिन्ही करायच्या भानगडीत न पडता मुलांना समुद्र हवा असेल तर सरळ दक्षिण घ्या. सिंगापूरला डिसेंबर हा सगळ्यात ओल्या महिन्यांपैकी एक, पण तिकडे बंदिस्त गोष्टी एवढ्या आहेत की छत्री घेऊन चालून जातं.

केनियाची जंगल सफारी डिसेंबरात चांगली होते, फक्त नदी ओलांडणाऱ्या वाइल्डबीस्टच्या झुंडी मनात धरून जाऊ नका, मसाई मारात ते जुलै ते ऑक्टोबरच्या सुमाराला असतं, डिसेंबरात ते कळप खाली टांझानियाकडे गेलेले असतात. सिंह, हत्ती, जिराफ भरपूर दिसतात आणि मुलांना तेवढं पुरे.

काश्मीरबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मुंबईच्या मुलांना बर्फ बघायचाच असतो. २१ डिसेंबरपासून तिथे चिल्लई कलान सुरू होतो, चाळीस दिवसांची कडक थंडी, नळातलं पाणी गोठतं. पण थंडी आहे म्हणजे बर्फ आहेच असं नाही, २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग चक्क कोरडं पडलं होतं. त्यामुळे बर्फ मिळाला नाही तरी शिकारा, केशराचा कहवा, नुसती ती थंडी यात मजा वाटणार असेल तरच जा. हॉटेल घेताना खोलीत हीटिंग कसलं आहे, रात्रभर चालतं का, एवढं फोन करून विचारा. जाड कोट आणि गमबूट मात्र विकत घेऊ नका, गुलमर्गला भाड्याने मिळतात आणि मुंबईत परत कधी घालणार ते?

दिल्लीमार्गे जायचं असेल तर सकाळचं विमान टाळा, डिसेंबरअखेर उत्तरेत धुकं पडतं आणि पुढचं विमान हुकतं, दुपारचं घ्या.

उजेडाचं कोणी सांगत नाही. डिसेंबरअखेर मुंबईत सहाच्या पुढे सूर्य मावळतो, शिलाँगला साडेचारच्या सुमारास अंधार पडायला लागतो, अंदमानात पाच-सव्वापाचला. म्हणजे आपल्या सवयीने दहाला नाश्ता करून निघालात तर हातात सहा तास. ईशान्येकडे किंवा अंदमानला जायचं तर सकाळी सातला बाहेर पडणारं घर पाहिजे, आणि तुमच्याकडे सुट्टीत कोणी नऊच्या आधी उठतच नसेल तर दुसरं ठिकाण बघा ना. लंडनलाही चारच्या सुमारास सूर्य जातो, शिवाय २५ डिसेंबरला तिथे ट्यूब आणि ट्रेन दोन्ही बंद असतात, त्या दिवशी हॉटेल सोडून फार कुठे जाता येत नाही. जपानमध्ये नववर्षाच्या आसपास तीनचार दिवस बरीच म्युझियम आणि दुकानं बंद.

मला विचाराल तर आठवड्याच्या सुट्टीसाठी, तीन पिढ्या बरोबर असतील तर अंदमान. समुद्र बहुतेक शांत, पाऊस ओसरत आलेला, आणि सेल्युलर जेल मुलांना एकदा दाखवायलाच हवं, सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, ती कोठडी बघताना पुस्तकातला धडा एकदम खरा होतो. मुंबईहून बहुतेक वेळा चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम आहे आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप, बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. पहिली रात्र श्री विजयपुरमलाच ठेवा, उतरल्या उतरल्या हॅवलॉकची फेरीबोट पकडायची घाई म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. आणि विमानच नको असेल तर दादरहून सयाजीनगरी किंवा वांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस, रात्रभराचा प्रवास, सकाळी भुज, पांढरं रण आणि हडप्पाकालीन धोलावीरा, तेही एका आठवड्यात निवांत होतं.

कागदपत्रं. परदेशी जायचं ठरत असेल तर आजच कपाटातून सगळ्यांचे पासपोर्ट काढा. आपला दहा वर्षांचा असतो पण मुलांचा पाचच वर्षांचा, आणि बऱ्याच देशांना पुढचे सहा महिने वैध असलेला लागतो, त्यामुळे आईबाबांचा नीट आणि धाकट्याचा संपत आलेला असं हमखास होतं. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला एरवी पंधरा दिवस पण पंचेचाळीसपर्यंतही लागू शकतात, म्हणून युरोप असेल तर गणपतीच्या आसपासच अपॉइंटमेंट घ्या, दिवाळीनंतर हात लावू नका. केनियाला यलो फिव्हरची लस जायच्या दहा दिवस आधी तरी झालेली हवी, त्याचं कार्ड परत येताना मुंबई विमानतळावर मागतात. भूतानला व्हिसा नाही पण भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, पाच जणांचं सहा रात्रींचं केलंत तर आकडा मोठा होतो, तो बजेटमध्ये आधीच धरा. अरुणाचलला आपल्यालाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, लागतं, ते ऑनलाइन होतं. व्हिसाचे नियम दरवर्षी बदलतात, नातेवाइकांच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर न जाता त्या देशाच्या सरकारी साइटवरच बघा.

पैशाचं एवढंच, परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर, कापतात, इन्कम टॅक्स रिटर्न भरताना तो जमा धरला जातो पण आत्ता खिशातून जातोच. आजी-आजोबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना आधीपासूनच्या आजारांना कव्हर आहे का ते वाचा, डायबेटिस लपवून स्वस्त पॉलिसी घेऊ नका प्लीज.

बुकिंगचा क्रम असा ठेवा, आधी विमान, मग पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचं हॉटेल, मग मधलं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, २४ डिसेंबरची गाडी हवी असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी सकाळी आठला लॉगिन करून बसायला लागेल. आणि विमानतळ नीट वाचा, आता नवी मुंबईहूनही विमानं सुटतात, बोरिवलीहून निघणाऱ्यांनी पहाटेची टॅक्सी त्या हिशोबाने सांगा.