गाडीच्या प्लास्टिकला स्प्रे मारताय? या चुका टाळा

आखाजीच्या सुट्टीत भरदुपारी बाईकचं साइड पॅनल घेऊन जळगावच्या घराच्या गच्चीवर बसलो, डबा दोनदा हलवला आणि मारला, तर रंग पॅनलवर पोचायच्या आतच अर्धा सुकला, हात फिरवला तर ज्वारीच्या पिठासारखं खरखरीत लागलं, वरून झळांबरोबर आलेली धूळ चिकटली ती वेगळीच. म्हणून पहिलं सांगणं, आपल्याकडे मे महिन्यात स्प्रे मारायचा तर सकाळी सात-साडेसातलाच, आणि पार्ट रात्रभर सावलीत ठेवलेला पाहिजे.

पण माझी खरी चूक ऊन नव्हतं भाऊ. आठवड्याने नखाने उकरलं तर रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा निघून आला. पॅनलवर वर्षानुवर्षं मारलेली चमकवायची पॉलिश होती, तिच्यात सिलिकॉन असतं, आणि मी नुसतं ओल्या फडक्याने पुसलं होतं. रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले ना, की समजायचं हेच. आधी भांड्याच्या साबणाने घासून धुवा, वाळवा, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, त्यानंतरच ४०० आणि मग ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यातून फिरवा. चमक पूर्ण गेली पाहिजे, कोपऱ्यातली पण. घासून झालं की परत आयपीए, आणि मग बोट लावायचं नाही.

साफसफाईला थिनर मात्र नको, एबीएस प्लास्टिक त्याने मऊ पडतं, बारीक तडे जातात.

आता प्लास्टिक कुठलं ते बघा. पार्टच्या आतल्या बाजूला एबीएस नाहीतर पीपी असं छापलेलं असतं, नसेल तर तुटका तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर बहुतेक पीपी, एबीएस बुडतं. पीपीला साधा रंग धरतच नाही, आधी अ‍ॅडहीजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा थर, लागतो, आणि दुकानात नाव सांगूनच मागा, नुसतं "प्रायमर द्या" म्हटलं की लोखंडाचा रेड ऑक्साइड हातात येतो!

डबा दोन मिनिटं तरी हलवायचा, वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून पातळ हात, मध्ये दहा मिनिटं थांबायचं. पहिल्या हातात खालचं दिसलं तर दिसू द्या, झाकायच्या नादातच ओघळ येतात. आला तर ओला असताना पुसू नका, पूर्ण वाळल्यावर ८०० ने घासा. पावसाळ्यात रंगावर पांढरट धुकं आलं तर ते हवेतल्या ओलाव्याने, त्या दिवशी काम बंद.

पेट्रोलच्या टाकीजवळचा पार्ट असेल तर रंगावर मारायचा साधा क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, पेट्रोल सांडलं की चिकट होतो, तिथे टू-के क्लिअरच मारा, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा. त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, तोंडाला बांधलेल्या रुमालाने ते अडत नाही, कार्बन काडतुसाचा मास्क घ्या आणि बाहेर मोकळ्यातच मारा, पोरं जवळ नकोत.