आटे उलटे पडले तेव्हा: प्रोटीन मॉडेलिंगच्या तयारीबद्दल

साताऱ्याहून न्यू जर्सीत आले तेव्हा मी नववीत होते. शाळेत सायन्स ऑलिम्पियाडच्या टीमसाठी नावं घेत होते. ऑलिम्पियाड म्हटल्यावर मला होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेच्या पहिल्या फेरीसारखं काहीतरी वाटलं. वाचा, लिहा, निकालाची वाट बघा. इथे निघालं भलतंच. १५ जणांची टीम, स्पर्धेचे २३ प्रकार, आणि प्रत्येकाने त्यातले दोन-तीन वाटून घ्यायचे. मी सगळ्यात उशिरा आले म्हणून उरलेलं माझ्या पदरात पडलं: प्रोटीन मॉडेलिंग. फोमच्या नळीला पीळ देऊन प्रथिन बनवायचं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे हस्तकला?"

थोडीफार हस्तकलाच, पण तिला गणिताचा धाक आहे. आमच्या नियमांत गुणांची विभागणी अशी होती: घरून बनवून आणलेलं मॉडेल ४० टक्के, तिथेच बसून बनवायचं मॉडेल ३० टक्के, लेखी परीक्षा ३० टक्के. नियम आणि विषय बदलत राहतात, काही वर्षं हा प्रकार यादीतच नसतो. तेव्हा आपल्या वर्षाचं नियमपुस्तक स्वतः वाचा. सीनियरने सांगितलेलं नको, स्वतः. आमच्या वर्षी विषय जनुक-संपादनाचा होता, म्हणजे क्रिस्पर हे जनुकं कापून बदलायचं तंत्र आणि कॅस-९ हे त्यातलं कात्रीचं काम करणारं प्रथिन.

नळीला मिनी-टूबर म्हणतात. आत तार, बाहेर फोम, वाकवाल तशी राहते. ही नळी म्हणजे प्रथिनाचा कणा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; नळीत एका अमिनो आम्लाला २ सेंटिमीटर. १०० अमिनो आम्लांचा तुकडा असेल तर नळी २ मीटर. वाकवायच्या आधी ती सरळ जमिनीवर ठेवा आणि दर २ सेंटिमीटरला मार्करने खूण करा, दर दहावी खूण जाड. हे काम कंटाळवाणं आहे, पण चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. आम्ही पहिल्यांदा मधेच एक खूण दोनदा मोजली होती आणि शेवटची पट्टी जागेवर बसेचना. सुरुवातीच्या टोकाला निळं टोपण, शेवटच्या टोकाला लाल. हे उलटं लावणारे दरवर्षी असतातच.

आता मुख्य गोष्ट. प्रथिनात साखळी जिथे स्प्रिंगसारखी वळते त्याला अल्फा हेलिक्स म्हणतात. एका वळशात ३.६ अमिनो आम्लं, म्हणजे नळीचे साधारण ७ सेंटिमीटर. जाड मार्करभोवती गुंडाळली की बरोबर माप येतं. आम्ही गुंडाळली, छान दिसली, जानेवारीतल्या रिजनल स्पर्धेला घेऊन गेलो. गुण वाईट आले. का, ते कुणी सांगत नाही.

मॉडेल घरी जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. बाबांची वीस वर्षं एमआयडीसीत लेथवर गेली आहेत. प्रथिन वगैरे त्यांना काही माहीत नाही. त्यांनी ते जरा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "याचे आटे डावे का गं? चित्रात तर उजवे दिसतायत."

अल्फा हेलिक्स उजव्या आट्यांची असते. साध्या स्क्रूची असते तशी. आम्ही सगळ्याच्या सगळ्या हेलिक्स डाव्या केल्या होत्या, कारण माझा पार्टनर डावखुरा आणि गुंडाळायचं काम त्याच्याकडे! मला आधी वाटलं, नळी उलटी धरली की झालं. नाही होत. स्क्रू डोक्यावर उभा केला तरी आटे उजवेच राहतात, तसंच हे. सगळं सोडवून पुन्हा गुंडाळावं लागलं. तपासायची सोपी रीत: हेलिक्समधून दुर्बिणीसारखं आरपार बघा. साखळी तुमच्यापासून लांब जाताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर उजवी. किंवा खिशात एक स्क्रू ठेवा आणि शेजारी धरून बघा. आम्ही पुढची दोन वर्षं स्क्रूच ठेवला.

एकदम मोठ्या प्रथिनाला हात घालू नका. कॅस-९ तब्बल १३६८ अमिनो आम्लांचं आहे. स्क्रीनवर ते उघडलं की नूडल्सचा वाडगा सांडल्यासारखं दिसतं. सरावाला झिंक फिंगर घ्या, म्हणजे काही प्रथिनांत असणारा बोटासारखा छोटा तुकडा. एक बोट जेमतेम ३० अमिनो आम्लांचं: दोन छोट्या बीटा पट्ट्या (साखळीचे नागमोडी पसरलेले भाग), एक हेलिक्स, आणि मधे जस्ताचा एक अणू, ज्याला दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन अशी चार अमिनो आम्लं मिळून धरून ठेवतात. ६० सेंटिमीटर नळीत काम होतं. हेलिक्स, नागमोडी पट्टी, वळण, सगळं यात येतं, आणि ती चार अमिनो आम्लं जस्ताजवळ खरंच एकत्र येतात का यावरून तुमची घडी बरोबर आहे की नाही तेही कळतं. आम्ही एका शनिवारी सहा बोटं बनवली. पहिलं दीड तासात, सहावं वीस मिनिटांत. तिथल्या तिथे बनवायच्या फेरीची खरी तयारी हीच, कारण तिथे हात चालावा लागतो; एकूण वेळ ५० मिनिटं आणि त्यातच पेपर.

प्रथिनाची रचना स्क्रीनवर बघायला जेमॉल नावाचं सॉफ्टवेअर वापरायचं, फुकट आहे. रचना प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन साठ्यातून, घ्यायच्या. ही बँक १९७१ मध्ये सुरू झाली, आणि तिचं अमेरिकेतलं काम रटगर्स विद्यापीठातून, म्हणजे आमच्या एडिसन गावाच्या शेजारी पिस्कॅटवेहून चालतं. हे कळल्यावर मला उगाचच आपल्या गावचं वाटलं. प्रत्येक रचनेला चार अक्षरांचा नंबर असतो. कॅस-९, त्याला कापायची जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए आणि डीएनए एकत्र बघायचे असतील तर ४यूएन३ उघडा. जेमॉलमध्ये माउसने नुसतं फिरवत बसू नका. आज्ञा टाइप करायला शिका: हवा तो तुकडा ठेवून बाकीचं लपवणं, फक्त कणा दाखवणं, हेलिक्स आणि पट्ट्यांना वेगळे रंग देणं, एखाद्या अमिनो आम्लाचा क्रमांक दाखवणं. या चार-पाच आज्ञांवर सगळं भागतं. मॉडेल जुळवताना स्क्रीनवरची रचना आणि हातातली नळी एकाच कोनात धरायची, मग दोन्ही पाव वळसा फिरवून पुन्हा बघायची. एका बाजूने बरोबर दिसणारं मॉडेल दुसऱ्या बाजूने हमखास फसवतं.

मॉडेलवर सजावट किती करायची यावर आमची भांडणं झाली. पार्टनरला सगळंच लावायचं होतं. माझं मत अजून तेच आहे: जे काम करतं तेवढंच दाखवा. डीएनएच्या दोन धाग्यांना कॅस-९ चे दोन वेगळे भाग कापतात, त्या भागांतली कापणारी अमिनो आम्लं दाखवा आणि सोबतच्या छोट्या कार्डावर का दाखवलीत ते लिहा. रंगांचा संकेत पाळा: पाण्यापासून पळणारी पिवळी, पाणी आवडणारी पांढरी, धनभारित निळी, ऋणभारित लाल.

लेखी परीक्षेबद्दल फार सांगत नाही. पाठांतरापेक्षा 'हे बदललं तर काय होईल' असले प्रश्न जास्त. एखादं पिवळं अमिनो आम्ल काढून लाल घातलं तर घडी टिकेल का, हे नळी हातात घेऊन विचार केला की सुचतं. कंटाळा आला की मी जुन्या गोष्टी वाचायचे. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग १९४८ मध्ये ऑक्सफर्डला आजारी पडले होते. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी कागदावर साखळी काढली आणि कागद दुमडून दुमडून हेलिक्स शोधली. शास्त्रज्ञ जॉन केंड्रूंचं १९५८ चं मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाचं मॉडेल प्लॅस्टिसिनचं, म्हणजे खेळायच्या मऊ मातीचं होतं. कुठली अमिनो आम्लं कुठल्या कोनात वळू शकतात याचा नकाशा मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मांडला, आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आता अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्रॅम मिनिटांत घडी सांगतो, मग नळ्या कशाला, असं चुलतभाऊ विचारतो. मी त्याच्या हातात एक नळी आणि स्क्रू देते.

जाताना मॉडेल मांडीवर घेऊ नका. मायक्रोवेव्हचं रिकामं खोकं आणा, चहूबाजूंनी जुने टॉवेल ठासा, आणि लाल-निळी टोपणं जास्तीची ठेवा. ती गाडीत पडतात आणि सीटखाली जाऊन बसतात.