फुटबॉल मॅनेजरमध्ये स्वतःची टॅक्टिक कशी बांधायची

फुटबॉल मॅनेजर या संघ चालवायच्या संगणकीय खेळात नेटवरून उतरवलेली टॅक्टिक (संघ कसा खेळेल याची आखणी) बऱ्याचदा पहिले काही सामने झकास चालते. मग समोरचे संघ आपल्याला वचकून मागे बसायला लागतात, गोल आटतात, आणि नेमकं काय बिघडलं हे कळायला मार्ग नसतो, कारण त्यातला एकही निर्णय आपण घेतलेला नसतो. स्वतः बांधलेली टॅक्टिक सुरुवातीला अडखळेल, पण कोणती गोष्ट कशासाठी ठेवली आहे हे ठाऊक असल्यामुळे ती दुरुस्त करता येते.

इथलं सगळं ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ धरून लिहिलं आहे. २०२६ च्या आवृत्तीत ड्युटी (खेळाडूच्या रोलला, म्हणजे भूमिकेला, जोडलेला डिफेंड, सपोर्ट किंवा अटॅक हा कल) काढून टाकल्या आहेत आणि चेंडू आपल्याकडे असतानाचं व नसतानाचं अशी दोन फॉर्मेशन वेगवेगळी मांडता येतात. बटणं बदलली असली तरी विचाराची दिशा तीच राहते.

आधी संघ वाचा

टॅक्टिकच्या पडद्यावर जाण्याआधी पहिल्या अकरा जणांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: याच्याकडून काय हमखास मिळतं, आणि काय अजिबात मिळत नाही. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. गुण १ ते २० या मापात असतात, पण नुसता आकडा बघून उपयोग नाही, तो आपल्या लीगच्या तुलनेत बघायचा. दोन्ही सेंटर बॅकचा (मधल्या बचावपटूंचा) पेस आणि ॲक्सिलरेशन ९-१० असेल आणि लीगमधले स्ट्रायकर १४-१५ चे असतील, तर डिफेन्सिव्ह लाइन (मागची बचावफळी) वर चढवायचा मोह सोडलेला बरा. मिडफिल्डमध्ये वर्क रेट आणि स्टॅमिना कमी असलेले दोघे असतील, तर नव्वद मिनिटं प्रेस करणं, म्हणजे चेंडूवाल्यावर धावून जाऊन दबाव आणणं, जमणार नाही.

रोल किती जमतो हे दाखवणाऱ्या, रोलपुढच्या हिरव्या वर्तुळाला फार भुलू नका. खेळाडू कोणत्या पायाचा आहे आणि त्याच्या सवयी काय आहेत, हे तितकंच निर्णायक ठरतं. खाली येऊन चेंडू मागायची सवय असलेल्या स्ट्रायकरला तुम्ही पोचर (गोलपाशीच थांबणारा) केलं, तरी तो खाली येणारच. सवयीशी भांडण्यापेक्षा तिला साजेसा रोल द्या.

फॉर्मेशन म्हणजे बचावाची मांडणी

बहुतेकांची गफलत इथूनच सुरू होते. पडद्यावर जी मांडणी दिसते, ती मुख्यतः चेंडू नसताना संघ कसा उभा राहील त्याची आहे. हल्ल्यातला आकार रोल आणि ड्युटी ठरवतात. त्यामुळे ४-२-३-१ की ४-४-२ हा प्रश्न ‘गोल कसे करायचे’ असा विचारू नका, ‘बचावात कोण कुठे हवा’ असा विचारा. ४-२-३-१ मधले दोन्ही विंगर वरच्या पट्टीत असतात, ते मागे यायला उशीर करतात आणि फुलबॅक (बाजूचा बचावपटू) एकटा पडतो. ४-४-२ मधले बाजूचे मिडफिल्डर लगेच मागे येतात, पण मधल्या दोघांच्या पाठीमागे, सेंटर बॅकच्या पुढे, मोकळं मैदान उरतं. तिथे कुणी हवा असेल तर डिफेन्सिव्ह मिडफिल्डच्या पट्टीत एक जण ठेवा.

पहिल्यांदाच बांधत असाल तर ४-३-३ घ्या: एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, दोन सेंट्रल मिडफिल्डर, दोन विंगर, एक स्ट्रायकर. चुका झाल्या तर दिसतात आणि सावरताही येतात.

रोल आणि ड्युटी: खरं काम इथे

रोल निवडताना एकेका खेळाडूला सुटं पाहू नका. चेंडू आपल्याकडे असताना चार कामं कुणीतरी करायला हवीत: मैदान रुंद ठेवणं, बचावाच्या पाठीमागे धावणं, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत चेंडू घेणं, आणि चेंडू गेला तर मागे शिल्लक असणं. अकरा जणांत ही कामं वाटा, मग त्या कामाला जुळणारा रोल शोधा.

डावी बाजू जवळून बघू. समजा डावीकडे उजव्या पायाचा इन्व्हर्टेड विंगर सपोर्ट ड्युटीवर ठेवलाय. तो चेंडू घेऊन आत वळणार, म्हणजे रेषेजवळची जागा रिकामी होणार. ती भरायला फुलबॅकला विंगबॅक करा आणि अटॅक ड्युटी द्या. आता विंगबॅक पुढे गेल्यावर त्याच्या मागे खड्डा पडला. म्हणून डावा सेंट्रल मिडफिल्डर पुढे पळणारा नको. तिथे ॲडव्हान्स्ड प्लेमेकर सपोर्ट ड्युटीवर चालेल, आणि त्याच्या मागचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर अँकर असावा, म्हणजे तो जागा सोडत नाही.

नेमकी चूक कशी होते तेही पाहा. त्याच बाजूला इन्व्हर्टेड विंगर, मेझाला (बाजूकडे सरकत पुढे जाणारा मिडफिल्डर) आणि इन्व्हर्टेड विंगबॅक (आत वळणारा) असे तिघे नेमले, तर तिघंही पेनल्टी बॉक्सच्या डाव्या कोपऱ्यापाशी एकाच जागेत येतात. कागदावर हे तंत्रशुद्ध वाटतं. मैदानात समोरचा एक राइटबॅक आणि एक मिडफिल्डर मिळून तिघांना सांभाळतात, रेषेवर आपला कुणीच नसतो, आणि चेंडू पुन्हा सेंटर बॅककडे परततो. कोणताही रोल मुळात वाईट नसतो. शेजाऱ्याशी पटलं नाही की बिघडतो.

उजवीकडे उलट करा. इनसाइड फॉरवर्ड अटॅक ड्युटीवर, तो बॉक्समध्ये घुसेल. त्याच्या मागचा फुलबॅक सपोर्टवर, म्हणजे तो जपून पुढे येईल आणि गरज पडल्यास मागे राहील. उजवा मिडफिल्डर बॉक्स टू बॉक्स, म्हणजे दोन्ही बॉक्समध्ये ये-जा करणारा, सपोर्टवर. स्ट्रायकर डीप लाइंग फॉरवर्ड, सपोर्टवर: तो खाली आला की सेंटर बॅक त्याच्यामागे खेचला जातो आणि इनसाइड फॉरवर्डला धावायला वाट मिळते. इथे ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड ठेवला तर दोघेही एकाच वेळी वर पळतात आणि त्यांच्या व मिडफिल्डच्या मध्ये दुवाच उरत नाही. सेंटर बॅक दोघेही डिफेंड ड्युटीवर, त्यातला एक पासिंग आणि कंपोझर बरं असेल तरच बॉल प्लेइंग डिफेंडर.

गोलकीपर सोडून मोजलं तर डिफेंड ३, सपोर्ट ५, अटॅक २. हा काही कायदा नव्हे. पण अटॅक ड्युटी चारच्या वर गेल्या की मागे कोण उरतं ते हाताच्या बोटांवर मोजा. चेंडू हरल्याच्या क्षणी दोन सेंटर बॅक, एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर आणि एक फुलबॅक एवढे तरी मागे सापडले पाहिजेत.

मेंटॅलिटी आणि सूचना

मेंटॅलिटी म्हणजे नुसता आक्रमकपणा नाही. ती बदलली की टेम्पो, रुंदी, डिफेन्सिव्ह लाइन, प्रेसिंग आणि पासमधली जोखीम, सगळ्यांचा पाया एकदम वर किंवा खाली सरकतो. पॉझिटिव्हवर स्टँडर्ड ठेवलेला टेम्पो हा बॅलन्स्डवरच्या स्टँडर्डपेक्षा जलदच असतो. त्यामुळे अटॅकिंग मेंटॅलिटी घेऊन वर पुन्हा जास्त टेम्पो, जास्त थेट पास आणि जास्त रुंदी असं सगळं लावलं, की खेळाडू चेंडू पायाशी यायच्या आत फेकून देतात. लीगमधल्या मध्यम ताकदीच्या संघाने बॅलन्स्डपासून आणि तगड्या संघाने पॉझिटिव्हपासून सुरुवात करावी. व्हेरी अटॅकिंग शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवा.

टीम इन्स्ट्रक्शन्स आधी शून्य ठेवा आणि मग एकेक वाढवा, पाच-सहा पुरतात. प्रत्येक सूचनेची काहीतरी किंमत असते. ‘वर्क बॉल इंटू बॉक्स’ लावलं की लांबून मारलेले वेडेवाकडे शॉट आणि घाईचे क्रॉस कमी होतात, पण समोरचा संघ दहा जण घेऊन बसला असेल तर आपले खेळाडू नुसते गोल गोल पास देत राहतात. ‘प्ले आउट ऑफ डिफेन्स’ लावायचं तर सेंटर बॅकचं फर्स्ट टच, पासिंग आणि कंपोझर तपासा. नाहीतर आपल्याच बॉक्सपुढे चेंडू भेट द्याल. ठेंगणा स्ट्रायकर असेल तर क्रॉस लो ठेवा. एवढी साधी गोष्ट पुष्कळ जण विसरतात आणि मग स्ट्रायकरलाच दोष देत बसतात.

दोन रेषांमधलं अंतर

लाइन ऑफ एंगेजमेंट म्हणजे आपण कुठून अडवायला सुरुवात करतो, आणि डिफेन्सिव्ह लाइन म्हणजे मागची फळी कुठे उभी राहते. या दोन रेषांमध्ये जेवढं अंतर, तेवढी समोरच्याला मोकळी जागा. हाय प्रेस लावून डिफेन्सिव्ह लाइन खोल ठेवली की पुढचे सहा एकीकडे, मागचे चार दुसरीकडे, आणि मध्ये समोरचा प्लेमेकर निवांत वळून पास देतोय असं चित्र दिसतं.

हाय प्रेस हवा असेल तर लाइनही वर न्या, आणि मग गोलकीपर स्वीपर कीपर (पुढे येऊन चेंडू अडवणारा) हवा, ज्याचं रशिंग आउट आणि अँटिसिपेशन चांगलं आहे. सेंटर बॅक मंद असतील तर मिड ब्लॉक (मैदानाच्या मध्यापासून अडवणं) आणि स्टँडर्ड लाइन ही जोडी घ्या. ती बघायला कंटाळवाणी आहे, पण संघ आखूड राहतो. ‘ट्रिगर प्रेस’ कमाल पातळीवर ठेवणार असाल तर राखीव फळी दमदार हवी. साठाव्या मिनिटानंतर दमलेले पाय उशिरा पोचतात आणि प्रेस हुकला की मागचं सगळं उघडं पडतं.

चाचणी घ्यायची रीत

दुबळ्या संघांशी खेळलेले मैत्रीचे सामने तंदुरुस्तीसाठी असतात, निष्कर्षासाठी नाहीत. एक तरी सामना तुल्यबळ संघाशी ठेवा. पहिली २० मिनिटं सामना सलग बघा, फक्त ठळक क्षण नाही. ठळक क्षणांत गोल दिसतो. चेंडू वारंवार कुठे अडतो ते दिसत नाही.

मध्यंतरात सरासरी जागांचा नकाशा उघडा आणि चेंडू आपल्याकडे असतानाचा भाग पाहा. दोन ठिपके एकमेकांवर चढलेले असतील तर ते दोन रोल एकाच जागेसाठी भांडताहेत. नंतर पासचा नकाशा: स्ट्रायकरकडे येणाऱ्या रेषा बारीक असतील तर तो तुटलेला आहे. शेवटी शॉट आणि एक्सजी (संधींच्या दर्जावरून अपेक्षित गोल). २० शॉटमधून १.० एक्सजी म्हणजे प्रत्येक शॉटमागे ०.०५, थोडक्यात लांबून मारलेल्या दगडांचा पाऊस. ८ शॉटमधून १.४ एक्सजी यापेक्षा कितीतरी चांगलं, निकाल काहीही लागो.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याला तीन-चार सामने द्या. बदलण्याआधी टॅक्टिक वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा. दर हरलेल्या सामन्यानंतर फॉर्मेशन फिरवलं की खेळाडूंची टॅक्टिकशी ओळख, म्हणजे फॅमिलिॲरिटी, कधीच भरत नाही आणि चांगली योजनाही अर्धवट खेळली जाते. प्री-सीझनमध्ये टॅक्टिकल सरावाला जास्त जागा द्या.

नेहमीची दुखणी

पाठीमागे टाकलेल्या लांब चेंडूंवर गोल खाताय: आधी लाइन एक पायरी खाली घ्या. तरीही थांबलं नाही, तर पास देणाऱ्यावर दबाव नाही हे खरं कारण. तिथे प्रेस वाढवा.

क्रॉसवर दूरच्या पोस्टपाशी गोल जातोय: बहुधा त्या बाजूचा विंगर मागे येत नाही आणि फुलबॅक दोघांत सापडतो. विंगरला सपोर्ट ड्युटी द्या. उंच, हेडिंगला पक्के सेंटर बॅक असतील तर ‘इन्व्हाइट क्रॉसेस’ही चालून जातं. जंपिंग रीच कमी असेल तर मात्र क्रॉस निघण्याआधीच अडवा.

चेंडू ६५ टक्के आपल्याकडे, तरी गोल नाही. हा सगळ्यात चिवट प्रश्न. सहज प्रतिक्रिया म्हणजे मेंटॅलिटी वाढवणं, आणि तिने गर्दी आणखी वाढते. उलट मेंटॅलिटी एक पायरी खाली आणा, म्हणजे समोरचे थोडे बाहेर यायला धजावतील. रुंदी वाढवा, दोन्ही बाजूंपैकी एकीकडे कुणीतरी रेषेला चिकटून राहील हे बघा, आणि मिडफिल्डमधून उशिरा बॉक्समध्ये येणारा एक धावपटू द्या. वरच्या उदाहरणात बॉक्स टू बॉक्स मिडफिल्डरच्या जागी सेंट्रल मिडफिल्डर अटॅक ड्युटीवर ठेवून पाहा.

खेळात एका वेळी तीन टॅक्टिक शिकवता येतात. पहिली मुख्य. दुसरी तीच मांडणी, फक्त मेंटॅलिटी कॉशस (सावध), मिड ब्लॉक आणि विंगबॅक सपोर्टवर; आघाडी टिकवायला. तिसरी पिछाडीवर असताना: अँकर काढून दुसरा स्ट्रायकर, मेंटॅलिटी अटॅकिंग. ही तिसरी ७५ व्या मिनिटाच्या सुमारास वापरा. तासाभरातच लावलीत तर दुसरा गोल आपल्यावरच होण्याची शक्यता जास्त.