फ्रेंच क्रियापदं: लिहिताना दोन तुकडे, बोलताना एकच

फ्रेंचमधली क्रियापदं पाठ करताना शेवटचं प्रत्येक अक्षर उच्चारत असाल तर आधी ते थांबवा. 'पार्ले' म्हणजे बोलणे, त्याची मी, तू, तो आणि ते ही चारही रूपं ऐकायला एकच, 'पार्ल'. 'ते'च्या रूपाला शेवटी ई-एन-टी लिहितात आणि नवीन माणूस हमखास 'पार-लां' असे दोन तुकडे वाचतो, पण ते ई-एन-टी पूर्ण मुकं असतं. आपणही 'घर' दोन अक्षरांत लिहितो आणि एका झटक्यात बोलतोच की! खरे दोन तुकडे फक्त आम्ही आणि तुम्हीला, पार-लों, पार-ले.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते स्पेलिंगचं कारण. शेवटचा तुकडा मुका झाला की आधीचा 'ए' ठसठशीत ऐकू येतो, म्हणून 'झापेल'मध्ये (मी हाक मारतो) एल डबल लिहितात, आणि 'नूझाप्लों'मध्ये (आम्ही हाक मारतो) तोच 'ए' जवळजवळ गळतो म्हणून एल एकच.

'तो' आणि 'ते' या दोन्हींसाठीचा शब्दही ऐकायला एकच, 'इल'. मग तो की ते, कळणार कसं? क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर जोडावर कान ठेवा: 'इलेम' म्हणजे तो प्रेम करतो, 'इल्झेम' म्हणजे ते करतात, हा झ झेब्र्यातला.