लावणी उरकली, आता टिलरची टाकी बघा

मुरबाड-शहापूरकडे चिखलणी संपली की टिलर धुऊन पडवीत उभा राहतो, तो थेट ऑक्टोबरात मळणीला आठवतो. मधले अडीच-तीन महिने अर्धी टाकी बायोडिझेल, म्हणजे वनस्पती तेलासारख्या तेलापासून बनवलेलं डिझेल, तसंच पडून असतं. ते नासतं ते याच दिवसांत.

बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त ओलावा धरतं. शिवाय रात्री गारवा पडला की रिकाम्या भागातल्या दमट हवेने पत्र्याला आतून घाम सुटतो आणि पाणी तळाशी बसतं. पाणी आणि इंधन जिथे टेकतात तिथे जिवाणू, बुरशी वाढते. खायला इंधन, प्यायला पाणी. त्यातून आम्ल तयार होऊन टाकीही गंजते.

गेल्या मळणीला माझं इंजिन दोन मिनिटं चालून बंद पडायचं. फिल्टर उघडला तर आत शेवाळासारखा तपकिरी, चिकट लगदा. बोटांत धरला तर तार सुटत होती. भात खळ्यावर, आभाळ भरलेलं आणि आम्ही फिल्टर शोधत फिरतोय. तुमच्यावर ही पाळी येऊ नये, म्हणून हे आजच करा.

टिलर रात्रभर हलवू नका. सकाळी टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून पहिलं अर्धा लिटर काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. खाली पाण्याचा थर किंवा मध्ये गढूळ पापुद्रा दिसला, तर स्वच्छ इंधन येईपर्यंत काढत राहा. मग टाकी जवळजवळ भरून ठेवा, फुगायला दोन बोटं जागा सोडून.

बॅरल उघड्यावर उभा ठेवू नका. वर साचलेलं पावसाचं पाणी बुचातून आत ओढलं जातं, बूच घट्ट असलं तरीही. छपराखाली, फळीवर, थोडा कलता ठेवा. पाणी बुचाकडे साचता कामा नये. जस्ताचा मुलामा दिलेला डबा किंवा तांब्या-पितळेची तोटी बायोडिझेलला चालत नाही, इंधन लवकर खराब होतं. आणि साठा तीन महिन्यांपुरताच घ्या. कोकणच्या दमट हवेत याहून जास्त ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

लगदा आधीच झाला असेल तर टाकी उतरवून साफ करावीच लागते. इंधनासाठीचं जंतुनाशक मिळतं, ते डब्यावरच्या मात्रेनेच, हातमोजे घालून वापरा. त्याने जंतू मरतात, पण मेलेला गाळ तिथेच राहतो आणि फिल्टर तुंबवतो. औषध टाकल्यावर दोन फिल्टर जवळ ठेवा.

काढलेलं गढूळ पाणी बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका. झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.