घरी पळणारा रोबो मैदानात पट्टी सोडतो तेव्हा

घरच्या चार्टपेपरवर सुरळीत पळणारा लाइन फॉलोअर, म्हणजे काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो, स्पर्धेच्या हॉलमध्ये पहिल्याच वळणावर भरकटतो. मुलं कोडमध्ये चूक शोधत बसतात, पण बहुतेक वेळा घोळ उजेडाचा असतो. पट्टी ओळखणारा सेन्सर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड, खाली टाकतो आणि परत किती येतो ते बघतो. खिडकीतल्या उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यानं सेन्सर फसतो.

१. सेन्सरभोवती काळ्या कार्डशीटची झालर चिकटवा.
२. सराव फेरीत, तिथल्याच ट्रॅकवर, सेन्सर आधी पांढऱ्यावर, मग काळ्या पट्टीवर धरा. सेन्सरच्या मॉड्यूलवरचा (छोट्या सर्किट पट्टीवरचा) छोटा स्क्रू हळूहळू फिरवा. खालचा रंग बदलला की मॉड्यूलवरचा दिवाही लागला-विझला पाहिजे. प्रत्येक सेन्सरचं वेगळं करा, कंटाळा आला तरी.

झालर जमिनीला घासू देऊ नका, दोनेक मिलिमीटर वर ठेवा. आणि हो, बारीक स्क्रूड्रायव्हर दप्तरात टाका, तोच नेमका घरी राहतो.